तुझ्या नावापुढची जागा

होळी, वसई
१६ जानेवारी २०२५

चंद्रकांता,

आधीच्या कागदावर 'चिरंजीव' आणि 'अनेक आशीर्वाद' लिहून झालं होतं. तो कागद बाजूला ठेवला. ज्या बहिणीला अकरा वर्षांत एक ओळ लिहिली नाही, तिला आशीर्वाद कुठल्या अधिकारानं पाठवायचे? म्हणून नुसतं नाव. तुझं केळवे काही सातासमुद्रापलीकडे नाही हे मलाही कळतं. माणूस सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येईल.

परवा संक्रांत झाली. सुनेनं, अनुजच्या हेमांगीनं, तिळाच्या वड्या केल्या होत्या. तुला डबा पाठवायचं मनात होतं, ते राहून गेलं. माझं बरंच काही राहून जातं, तुला ठाऊक आहे.

माझ्या खिडकीतून बावखल दिसतं. तिसऱ्या मजल्यावरून पाहिलं की आपल्या वाडीच्या आणि बॅप्टिस्टच्या वाडीच्या मधलं ते गोड्या पाण्याचं तळं परातीएवढं वाटतं. उंडीचं झाड आहे. त्याच्याखालचा बांधाचा तुकडा तसाच आहे, जिथून तू पाण्यात पाय सोडून बसायचीस आणि आई ओरडायची. पलीकडचा कोपरा मात्र भरत चाललाय. पहाटे कोण टेम्पो आणून राडारोडा टाकून जातं, कळत नाही. असंच चाललं तर दोन वर्षांत तिथं तळं होतं हे सांगावं लागेल.

म्हणून लिहितोय. महापालिकेनं बावखल वाचवायला, त्याच्या बांधावरून चालायची वाट आणि कडेला छोटी बाग करायला निधी ठेवलाय. पण सध्या नगरसेवक नाहीत, प्रशासक आहे. त्यामुळे अधिकारी कागदाशिवाय पाऊल टाकत नाहीत. बांध ज्यांच्या नावावर आहे आणि जे शेजारी राहतात, त्या सगळ्यांची लेखी संमती वीस मार्चच्या आत हवी. उद्यान विभागात उन्नती म्हणून एक तरुण अभियंता आहे. ती म्हणाली, "काका, एक जरी सही कमी पडली ना, पैसे दुसऱ्या वॉर्डात जातील. मग मी पण काही करू शकणार नाही."

सगळ्यांचं एकमत करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. का, तर शाळेच्या कचेरीत मी एकतीस वर्षं काढली. मी कारकून होतो, मास्तर नव्हे, हे गाव विसरून गेलंय. मीही आठवण करून देत नाही. पार्टिशनपलीकडे वर्ग कविता म्हणायचे आणि मी इकडे दाखले लिहायचो. त्या एकतीस वर्षांत निम्मं आयुष्य मी कवितेत काढलं असं मला वाटतं.

बैठकीची सुरुवात मी बर्था बाईंच्या कवितेनं केली. आठवते? दुसरीत त्यांनी स्वतः रचून फळ्यावर लिहिलेली.

वाट कुणाची? चालेल त्याची.
सावली कुणाची? बसेल त्याची.
पाणी कुणाचे? वाकेल त्याचे.

म्हातारे लोक हसले. सोसायटीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. वाटलं, झालं काम.

तसं ते होणार नव्हतंच. पण आज एवढंच. बॅप्टिस्ट तुझी आठवण काढत होता. कशावरून निघाली, ते सांगेन कधीतरी. बांधाचा तो तुकडा अजून आपल्या दोघांच्या नावावर आहे, हे तुझ्या लक्षात असेलच.

तुझा
दादा


३ फेब्रुवारी २०२५

चंद्रकांता,

उत्तर नाही. टपालखात्याला दोष देत नाही.

तरीही लिहितो, कारण इथं जे चाललंय ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं आणि ज्यांना सांगावं ते सगळे त्यात गुंतलेत.

बांधाला लागून बॅप्टिस्टची वाडी आहे, आणि या बाजूला आमची इमारत. इमारतीची सेक्रेटरी सुरुची. रोज सकाळी सातला अंधेरीला नोकरीला जाते, रात्री नऊला येते आणि रविवारी आमच्याशी भांडते. तिला वाटेवर फरशी हवी, दिवे हवेत, रात्री दहाला बंद होणारं फाटक हवं. बॅप्टिस्टला यातलं काहीच नको. "फरशी घातली तर पाणी मुरणार कुठं? आणि रात्रभर दिवा लावला तर माझी वांगी झोपणार कधी?" म्हणाला. सोसायटीतली पोरं हसली. मग त्यानं शांतपणे विचारलं, "तुमच्या बेडरूममध्ये लावता का रात्रभर?"

खरं भांडण मात्र तिसऱ्याच ठिकाणी होतं. ते मला उशिरा कळलं. बॅप्टिस्टची बायको डेल्फिन तीन बैठका कोपऱ्यात बसून होती. चौथ्या बैठकीत उठली आणि सुरुचीला म्हणाली, "तुमच्या गेटवर मी वीस वर्षं भाजी विकली. म्हणजे गेट नव्हतं तेव्हापासून. मागच्या दिवाळीत तुमच्या वॉचमननं माझी पाटी उचलून रस्त्यावर ठेवली. आता माझ्या बांधावरून तुम्ही चालणार?"

सुरुची म्हणाली, "अहो डेल्फिनताई, तो सोसायटीचा ठराव होता, फेरीवाल्यांबाबत. तुमच्याबद्दल पर्सनल काही नव्हतं."

"मी फेरीवाली नाही. मी शेजारीण आहे."

मी त्या रात्री दोघींच्या दारी चार चार वेळा जाऊन आलो. शेवटी ठरलं ते असं: वाट मातीची राहील. दिवे फक्त दोन टोकांना. बांधाची दरसालची डागडुजी सोसायटी करील. आणि डेल्फिनची पाटी सकाळी सात ते दहा गेटच्या आत, सावलीत. सुरुचीनं तसा ठराव केला. दुसऱ्या दिवशी डेल्फिननं तिला पहिली माठाची जुडी फुकट दिली आणि वर ऐकवलं, "उद्यापासून पैसे."

असं काही झालं की मला आपल्या दुसरीच्या वर्गात बसल्यासारखं वाटतं. आपण सगळे एका सुरात म्हणतोय आणि बाहेर उंडीची फळं पडतायत.

राहिला बॅप्टिस्ट. त्याची सहा फूट पट्टी वाटेत जाते. पाच जानेवारीच्या बैठकीत त्याला विचारलं, तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "शंकऱ्या, उंडीखालचा तुकडा तुझ्या एकट्याचा नाही. चंद्रकांतानं काय सांगितलं? ती हो म्हणाली असेल तर माझं पण हो. तिनं तुझ्यावर परत विश्वास टाकला, तर मी कोण?"

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

चंदा, फॉर्मवर तुझ्या सहीसाठी जागा आहे. तू एवढंच कळव की तुझी हरकत नाही. एक ओळ पुरे. पोस्टकार्डही चालेल.

सुरंगीच्या झाडांचं मला सारखं आठवतं. ती ठेवायची असं बिल्डरकडून लिहून घ्यायचं तेव्हा राहून गेलं. ती माझी चूक.

दादा


१९ फेब्रुवारी २०२५

चंद्रकांता,

हे पत्र मी दोनदा फाडलंय. तिसऱ्यांदा फाडलं तर धीर होणार नाही, म्हणून सरळ लिहितो.

तुझी सही मी केली.

तीन तारखेला मी तुला 'एक ओळ पुरे' असं लिहिलं, तेव्हा फॉर्म महापालिकेत जाऊन दोन आठवडे झाले होते. पाच जानेवारीला मी नुसती मान हलवली नव्हती. "तिला विचारलंय, ती आनंदानं हो म्हणाली," असं बोललो होतो. 'आनंदानं' हा शब्दही माझाच. सगळं जमत आलं होतं, खोलीतले चाळीस लोक माझ्याकडे बघत होते, आणि बॅप्टिस्टनं तो प्रश्न विचारला. त्या क्षणी मला खरंच वाटलं की तू हो म्हणशीलच. बहिणीचं हो आपल्या खिशातच असतं, असं आपल्याकडचे भाऊ समजतात. मीही त्यातलाच.

सही करायला अडचण आली नाही, हे सांगायला लाज वाटते. तुला अक्षर मीच शिकवलं. पाटीवर तुझं बोट धरून 'चंद्र' गिरवून घेतला होता, आठवतं? तुझी सही माझ्याच हाताच्या वळणाची आहे. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर बापाची सही करून आणलेली पोरं मी एका नजरेत ओळखायचो. त्यांना हेडमास्तरांसमोर उभं करायचो. एकदा एका पोराला विचारलं होतं, "तुला भीती नाही वाटली?" तो म्हणाला, "करताना नाही वाटली, सर. नंतर वाटली." आज बहात्तराव्या वर्षी मला त्याचं म्हणणं पटलं.

पण हे मी तुला आज का सांगतोय, तेही लिहितो. नाहीतर वाटेल, म्हाताऱ्याला उपरती झाली. उपरती झाली नसती. फणस पडला म्हणून सांगतोय.

शनिवारी उन्नती माणसं घेऊन आली. बांधावर फक्कीची पांढरी रेघ मारली. रेघ बॅप्टिस्टच्या हद्दीत नेमकी त्याच्या बापानं लावलेल्या कापा फणसावर गेली. बॅप्टिस्ट जन्मला त्या वर्षी लावलेला. उन्नती म्हणाली, "काका, बघते, रेघ थोडी वळवता येते का, पण मग पुन्हा नकाशा मंजूर करावा लागेल, वेळ जाईल." सोमवारी सकाळी कुऱ्हाडीचा आवाज आला म्हणून मी खाली उतरलो, तर त्यानं स्वतःच्या हातानं घाव घालायला सुरुवात केली होती. दोन गडी दोर धरून उभे होते.

मी म्हटलं, "बॅप्टिस्ट, थांब. घाई काय आहे?"

तो म्हणाला, "अरे, चंद्रकांता जिची दोन झाडं गेली ती देते, मग मी एका झाडाला काय धरून बसू?"

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. फणस अर्धा कापला गेला होता. मला वाटलं, आता सांगून काय उपयोग, झाड तर गेलंच. असा विचार मी एकदा आधीही केला होता. तो कधी, ते तुला सांगायला नको.

दुपारी फणस पडला. बॅप्टिस्टचे हात चिकानं भरले होते. फणसाचा चीक पाण्यानं जात नाही. डेल्फिननं खोबरेलाची बाटली आणली आणि मला म्हणाली, "तुम्ही चोळा हो शंकरभाऊ, माझे हात पिठाचे आहेत." मी त्याच्या पायरीवर बसून त्याचा एकेक पंजा हातात घेऊन तेल चोळत होतो. तो म्हणत होता, "शाळेत तू माझी पाटी पुसायचास, आठवतं?" चीक माझ्याही बोटांना लागला. अजून नखांत आहे.

आता सुरंगीचंही खरं सांगतो. आधीच्या पत्रात मी लिहिलं की लिहून घ्यायचं राहून गेलं. राहून गेलं नव्हतं. तू भाऊबीजेला घराच्या जागेच्या हक्कसोडपत्रावर सही केलीस, तेव्हा एकच मागितलं होतंस, 'दारातल्या दोन सुरंग्या ठेवा.' बिल्डरला मी ते सांगितलं होतं. तो म्हणाला, "झाडं ठेवली तर इमारत मागे सरकेल आणि तुमच्या फ्लॅटला बावखल दिसणार नाही." मी गप्प बसलो. त्या खिडकीत बसून तुला ही पत्रं लिहितोय. इमारतीला 'सुरंगी' नाव दिलं तेही माझ्याच सांगण्यावरून. मला वाटलं होतं तुला बरं वाटेल.

मला क्षमा नको. मागायची लायकीही नाही. पण वीस मार्चला कागद पुढे जाणार. तू आत्ता खरं हो म्हणालीस तर माझं खोटं खरं होईल. बॅप्टिस्टला कळणार नाही. कुणालाच कळणार नाही. बावखल वाचेल. बघ.

शंकर


४ मार्च २०२५

चंद्रकांता,

तुझं पत्र सत्तावीस तारखेला मिळालं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की माझ्या सहीपेक्षा तुझी सही बरीच वेगळी आहे. तू 'कांता' लिहिताना आता हात उचलत नाहीस. तुझा हात कधीच माझ्या वळणातून बाहेर पडला होता. मला कळायला मार्ग नव्हता.

तू लिहिलंस ते मी पाठ केलंय. तेवढीच सवय आहे मला. "दादा, तुझी तिन्ही पत्रं वाचली. तू मला विचारलेलं नाहीस. तू मला तुझं खोटं झाकायला बोलावलंयस. आधी बॅप्टिस्टला सांग, मग सगळ्यांना. माझी सही खोडून ये. त्यानंतर विचारायचं असेल तर विचार, मी काय म्हणेन ते आत्ता सांगणार नाही. आणि बाईंची कविता अर्धी का म्हणतोस? चौथी ओळ होती."

होती. फूल कुणाचे? विचारेल त्याचे. शाळेच्या कुंपणावरची फुलं पोरं ओरबाडायची, म्हणून बाईंनी ती ओळ घातली होती. तीन ओळींवर वर्ग डोलायचा आणि चौथीला आवाज बारीक व्हायचा. मी ती ओळ चोरून ठेवली नव्हती, खरंच विसरलो होतो. पण मी नेमकी तीच का विसरावी, यावर दोन दिवस विचार केला.

बॅप्टिस्टला शनिवारी सांगितलं. तो फणसाच्या फांद्या तोडून रचत होता. मी उभ्यानंच बोललो. त्यानं कोयता खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे ती काहीच म्हणाली नव्हती?"

"नाही."

"हो पण नाही, नाही पण नाही?"

"तिला मी विचारलंच नव्हतं."

तो त्या बुंध्यावर टेकला. मग म्हणाला, "तू मला नुसतं म्हणाला असतास ना, 'बॅप्टिस्ट, दे,' तरी मी दिलं असतं. एवढं कशाला केलंस?" आणि आत गेला. डेल्फिन दारात होती. तिनं दार लोटून घेतलं. जोरात लोटलं असतं तर बरं वाटलं असतं.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. या खेपेला कविता म्हटली नाही. सुरुची म्हणाली, "काका, आमचे तीन महिने गेले. मी रविवारची माझ्या मुलीला वेळ देत नव्हते, या फॉर्मपायी." मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरच कॉपी करायला लागले." मी मास्तर नव्हे, असं त्याला सांगणार होतो, पण ते सांगायची वेळ तीस वर्षांपूर्वीच गेली. उन्नतीनं फाइलमधून आपला फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला. "हा मला पुढे पाठवता येणार नाही, काका. खरं म्हणजे मी याची तक्रार करायला हवी." तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, "पण तुम्ही स्वतः सांगितलंत. मी हा तुम्हाला परत करते. वीस तारखेपर्यंत नवीन आला तर आला." मी तिच्या देखत तुझ्या नावावर काट मारली. पेन जड असतं, हे लिहिणाऱ्याला सांगू नये, पण जड होतं.

आज सकाळी पाहिलं, तर बॅप्टिस्टनं बांधावर नारळाच्या झापांचा आडोसा लावून वाट बंद केलीय. चंदा, ती वाट कधी कुणी बंद केली नव्हती. आजोबांच्या वेळेपासून त्यांच्या हद्दीतून आपण जायचो आणि आपल्या हद्दीतून ते. कुणी कुणाला लिहून दिलं नव्हतं, कुणी मोजलं नव्हतं. कागद आणला मी. मोजायला माणसं आणली मी. आता ज्याला त्याला आपापली हद्द कुठं संपते ते पक्कं कळलंय.

शंकर


१४ मार्च २०२५

चंद्रकांता,

काल होळी पेटली. तळ्याच्या काठी नाही, सोसायटीच्या आवारात. धुराचा वास खिडकीतून अजून जात नाही.

मी निमंत्रकपण सोडलं. सोडलं म्हणजे, सुरुची घरी आली आणि म्हणाली, "काका, काम व्हायला हवं असेल तर तुम्ही बाजूला व्हा." मी हो म्हटलं. तिनं लगेच फाइल मागितली. चहाला थांबली नाही.

आता ती आणि डेल्फिन दोघी मिळून दारोदार फिरतात. मी वरून बघतो. एकीच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग, दुसरीच्या डोक्यावर पाटी. माझ्यासारखं त्या बोलत नाहीत. दार उघडलं की डेल्फिन विचारते, "तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, आमच्या पायऱ्या वाचतील." हेमांगी सांगत होती, दोन घरांनी खरोखर नाही म्हटलं. माझ्या यादीत ती दोन्ही घरं 'हो' या रकान्यात होती. मी त्यांना विचारलं होतं, चंदा. पण कसं विचारलं होतं कुणास ठाऊक. त्या दोघांचं म्हणणं ऐकून सुरुचीनं दिव्याची जागा बदलली, आणि मग त्यांनी सह्या केल्या.

बॅप्टिस्ट सही करणार की नाही, त्यानं सांगितलेलं नाही. डेल्फिनसाठी तो रोज सकाळी झापा बाजूला करतो आणि ती गेली की परत लावतो. मी मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जातो. रस्त्यात भेटला तर मान हलवतो. मान हलवण्याचा अर्थ मी आता लावत नाही.

निधी मिळेल का, माहीत नाही. सहा दिवस राहिलेत. काल पहाटे परत टेम्पोचा आवाज आला. पाण्यात दगड पडले की आवाज आधी होतो आणि मग बराच वेळ काहीच होत नाही.

रविवारी डेल्फिन तुझ्याकडे येईल. अकरापर्यंत केळव्याला पोचेल. मी तिला पाठवत नाही, ती स्वतः म्हणाली, "चंद्रकांताला मी विचारते. तुम्ही पत्ता द्या, बाकी काही देऊ नका." तिचा ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे, मटण करू नकोस, मासळी चालते. तिच्याकडे नवीन फॉर्म असेल. बॅप्टिस्टचा फॉर्मही कोरा आहे. तू काय म्हणालीस यावर तो काही ठरवणार नाही, असं त्यानं डेल्फिनला बजावून सांगितलंय. म्हणजे तुझ्या डोक्यावर कुणाचं ओझं नाही. तू नाही म्हणालीस, तर ते तुझं नाही असेल. बावखल गेलं तर ते तुझ्यामुळे गेलं असं इथं कुणी म्हणणार नाही. मी तर नाहीच.

तुझ्या पत्रात होतं, 'त्यानंतर विचारायचं असेल तर विचार.' तर विचारतो. या पत्रात एकदाच. उंडीखालचा तुकडा वाटेसाठी द्यायची तुझी इच्छा आहे का? उत्तर मला कळवू नकोस, डेल्फिनला सांग.

माझ्या नावापुढे मी सही केलीय. त्याखाली तुझं नाव छापलंय आणि पुढे कोरी जागा आहे, बोटभर लांब. फॉर्म डेल्फिनला देण्याआधी मी ती बराच वेळ बघत बसलो. हक्कसोडपत्रावरही अशी जागा असणारच. ती मी पाहिलीच नव्हती, कारण भाऊबीजेच्या त्या दुपारी तू पेन उघडत होतीस तेव्हा मी तिथं बोट ठेवून म्हटलं होतं, "इथे."

या वेळी तिथं कुणाचं बोट नसेल.

शंकर